काडीचा आधार

आमच्या मूलमध्ये वाघाबद्दल सगळ्यांत जास्त कोण बोलत असेल, तर ज्याने वाघ पाहिलेला नाही तो. ज्याने पाहिला तो माणूस "हो, दिसला होता जी, नाल्यापाशी" एवढेच म्हणतो आणि विडी पेटवतो. न पाहिलेला मात्र वाघाची लांबी, रुंदी, स्वभाव, आवडीनिवडी आणि अलीकडे बिघडलेले वर्तन यांवर चहाचे दोन कप होईपर्यंत बोलू शकतो. वाघ न पाहिल्यामुळे त्याच्या वर्णनाला कुठेही अडसर येत नाही.

हे सांगायचे कारण असे, की मी आज एका चित्रपटाचे कौतुक करायला बसलो आहे आणि तो चित्रपट मी पाहिलेला नाही. माझ्या ओळखीत तो पाहिलेला दुसराही कोणी नाही. चित्रपट लहानसा, मुका, काळापांढरा, १९१५ सालचा. नाव ‘आगकाड्यांची मौज’. काढणारे धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब. नट म्हणाल तर आगकाड्या. त्या एकेक चित्र करून हलवलेल्या. आपल्या देशात निर्जीव वस्तूला पडद्यावर चालायला लावण्याचे जे अगदी पहिले उद्योग झाले, त्यांतला हा एक.

आता दादासाहेब फाळके म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात : ‘राजा हरिश्चंद्र’ आणि १९६९ पासून दिले जाणारे पारितोषिक. २००९ च्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’नंतर तिसरी गोष्ट म्हणून त्यांचा संसारही थोडासा दिसू लागला. पण आगकाड्या? आमच्या वाचनालयातल्या एका जाणत्या गृहस्थांना मी विचारले, तर ते म्हणाले, "फाळक्यांनी काड्या केल्या? कुणाच्या?"

त्यांचा काही दोष नाही. आपल्या भाषेने काडीला कधीच नीट वागवलेले नाही. भांडण लावायचे असेल तर काडी लावायची, संसार मोडला तर काडीमोड, माणूस अगदीच टाकाऊ असला तर त्याला काडीची किंमत नाही. सगळीकडून अपमान. फक्त बुडणाऱ्या माणसालाच काय तो काडीचा आधार वाटतो. आणि १९१५ साली दादासाहेब फाळके बुडत होते.

हे जरा नीट सांगितले पाहिजे. आदल्या वर्षी, १९१४ मध्ये, ते आपले तीन चित्रपट घेऊन दुसऱ्यांदा लंडनला गेले. तिथे खेळ झाले, कौतुक झाले, इथेच राहून चित्रपट काढा असे आमंत्रणसुद्धा मिळाले. ते नाकारून हे गृहस्थ परत यायला निघाले, आणि तिकडे महायुद्ध सुरू झाले. लढाई युरोपात, पण हात आखडले ते इकडच्या सावकारांचे. नाशिकला कारखाना उभा, माणसे नेमलेली, आणि पैसा नाही. ‘सत्यवान सावित्री’ १९१४ चा आणि ‘लंका दहन’ १९१७ चा. मधली वर्षे मोठ्या चित्रपटाविना गेली. त्या रिकाम्या जागेत छोट्या छोट्या फिल्मा आहेत. त्यांत ही काड्यांची.

आता तुम्हीच विचार करा. चित्रपट काढायचा तर राजा लागतो, राणी लागते, मुकुट, तलवारी, जरीची वस्त्रे लागतात. बरे, राणीचे काम करायला त्या वेळी कोणी बाई तयार होईना. अगदी बदनाम वस्तीतल्या बायकाही नको म्हणाल्या. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके नावाचे नाजूक हाताचे गृहस्थ दादासाहेबांना सापडले. तिथे त्यांना दहा रुपये महिना होता, यांनी पंधरा दिले, आणि तारामती मिळाली. पुढे ‘लंका दहना’त तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोघांचीही कामे केली. रावणाने पळवले काय आणि सोडवून आणले काय, पगार एकच. असे सगळे सांभाळून घेणाऱ्या माणसाला आगकाडी म्हणजे केवढी सोय वाटली असेल! काडी पगार मागत नाही. काडीला मिशी काढायला सांगावी लागत नाही. तिला घरच्यांचा विरोध नसतो. आणि एक नटी मोडली तर पेटीत आणखी पन्नास असतात.

पण माणूस अडचणीत असला की काय काय करतो ते पाहिले, तर खरे आश्चर्य नावाचे वाटते. कर्ज आहे, युद्ध चालू आहे, आणि हा माणूस फिल्मचे नाव काय ठेवतो? ‘मौज’! ‘आगकाड्यांचा चमत्कार’ म्हणता आले असते, पौराणिकाची सवय होतीच. ‘आगकाड्यांपासून बोध’ असेही खपले असते. त्या काळी बोधाला चांगला भाव होता. मौज हा शब्द सुचायला डोके स्वस्थ लागते, आणि स्वस्थ राहण्यासारखे तर तेव्हा काही नव्हते. मला या चित्रपटाबद्दल प्रेम वाटायला इथूनच सुरुवात झाली.

अर्थात मुळात हा माणूस जादूगार. हे मी अलंकारिक बोलत नाही. चित्रपटाच्या नादी लागण्याआधी ते छायाचित्रकार होते, पुराणवस्तू खात्यात नक्षानवीस होते, छापखान्यात होते, आणि रीतसर जादूचे प्रयोगही करीत. या वेळी नाव घेत ‘प्रोफेसर केळफा’. फाळके उलटे वाचा. बस्स, एवढीच युक्ती. मोठमोठे लेखक टोपणनावासाठी वर्षानुवर्षे डोके खाजवतात, आणि इथे नुसता आरसा धरला की काम झाले. पुढे ‘प्रोफेसर केळफा’ची जादूही त्यांनी पडद्यावर आणली. एक बरे, की ते आमच्या भागात आले नाहीत. झाडीबोलीत ळ नाही. डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा होतो. इथे दादासाहेबांचे ‘फारकेजी’ झाले असते आणि प्रोफेसर ‘केरफा’. जादू मात्र लोकांनी रात्रभर बसून पाहिली असती. झाडीपट्टीतला माणूस थंडीत कांबळे पांघरून पहाटेपर्यंत नाटक बघतो. अर्ध्यातच उठून गेला असे कोणी म्हणू नये.

आता काडी पडद्यावर चालते कशी, ते सांगतो. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेत. कॅमेऱ्याचे हँडल एकदा फिरवले की आठ चित्रे. म्हणजे सेकंदाला दोन फेरे. माणसाचा अभिनय असला की हँडल फिरवत राहायचे, बाकी साळुंके पाहून घेतील. पण काडीचे तसे नाही. काडी ठेवायची, एकच चित्र घ्यायचे, काडी मूगभर सरकवायची, पुन्हा एक चित्र. सोळा वेळा असे केले की एक सेकंद झाला. फुटाला चित्रे सोळा. शंभर फुटांची फिल्म म्हणजे सोळाशे चित्रे, आणि पडद्यावर ती संपते पावणेदोन मिनिटांच्या आत. प्रेक्षक तेवढ्यात खुर्चीवर नीट टेकलेलाही नसतो.

फाळक्यांच्या बाबतीत आकडे पाहायची मला खोड लागली ती त्यांच्याच एका जाहिरातीमुळे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे सुरतेत गर्दी होईना, तेव्हा जाहिरात केली, की या खेळात ५७,००० फोटो आहेत, चित्र दोन मैल लांब आहे, आणि हे सगळे फक्त तीन आण्यांत. लोक धावले. आता चित्रपटाची लांबी होती ३,७०० फूट. त्याला सोळाने गुणले की होतात ५९,२००. म्हणजे फोटोंचा आकडा जवळपास खरा, उलट थोडा कमीच सांगितलेला. पण ३,७०० फुटांचा पाऊण मैलसुद्धा होत नाही! उरलेला सव्वा मैल केळफांचा.

दुसरे गणित वाटाण्याचे. लंडनहून पहिल्यांदा, १९१२ साली, कॅमेरा आणला. पैसे लावणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीची फिल्म घेतली. हीच ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर बघता बघता दाण्याचा वेल झाला आणि सावकार विरघळला. हिंदुस्थानातल्या चित्रपटधंद्याची पहिली हमी एका वाटाण्याने दिली, हे आपण विसरता कामा नये. पण बऱ्याच ठिकाणी असे लिहिलेले आढळते, की रोज एक चित्र याप्रमाणे महिनाभर घेऊन मिनिटभराची फिल्म झाली. रोज एक म्हणजे महिन्याची तीस चित्रे. ती दोन सेकंदांतच संपतात. मिनिटभराला लागतात ९६०. रोज एकाने ९६० दिवस, म्हणजे अडीच वर्षांहून जास्त. तोवर वाटाणा तर सोडाच, सावकारही वाळून गेला असता. तेव्हा दिवसाला एक नव्हे, तीसेक चित्रे घेतली असली पाहिजेत. म्हणजे रात्रंदिवस, दर तासाभराने उठून. घरात कोणाला झोप मिळाली नसणार.

घर म्हटले की सरस्वतीबाई आल्याच. कोरी फिल्म यायची तिला कडेची भोके पाडलेली नसत. ती भोके घरी पाडावी लागत, तीही अंधारात, एकेक. ते काम सरस्वतीबाई करीत. फिल्म धुणे, रसायने कालवणे, कारखान्यातल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक, हे शिवाय. फुटाला दोन्ही कडांनी मिळून एकशे अठ्ठावीस भोके. हरिश्चंद्राची सत्यनिष्ठा ३,७०० फूट टिकली ती कोणाच्या भोकांवर, हे पाहिले की राज्य सोडणारा राजा त्या मानाने सुटला असे वाटते. इन्शुरन्सची पॉलिसी गहाण पडली, दागिने गेले. स्वतः दादासाहेबांचे डोळे तर आधीच एकदा चित्रपट पाहून पाहून जवळजवळ गेले होते. डॉक्टरांच्या उपचाराने आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने ते परत आले. असे उसने आणलेले डोळे घेऊन माणूस काडी मूगभर सरकली की दीड मूग, हे पाहत बसला होता.

जगाचे पाहिले तर काड्यांना नाचवणारे फाळके पहिले नव्हेत. तसे म्हणायची गरजही नाही. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच काड्यांची फिल्म केली होती. इंग्रजांच्याकडे तर काड्यांच्या एका फिल्मवरून अजून भांडण आहे. तिच्यात काड्यांची माणसे भिंतीवर चढून मजकूर लिहितात, की रणांगणावरच्या सैनिकांना काडेपेट्या नाहीत, तेव्हा मदत पाठवा. काहींच्या मते ही बोअर युद्धातली, १८९९ ची. काहींच्या मते पहिल्या महायुद्धातली, १९१४ ची. पंधरा वर्षांचा फरक. वादाला जागा ठेवावी कशी, हे इंग्रजांकडून शिकावे : युद्धेच इतकी केली की कुठले ते कळू नये. आणि १९१५ मध्ये वॉल्ट डिस्ने काय करीत होते? कॅन्सस सिटीत पहाटे उठून घरोघर वर्तमानपत्रे टाकत होते. वय वर्षे तेरा. मिकी माऊस पडद्यावर यायला अजून तेरा वर्षे होती. हे मी डिस्नेंना कमी लेखायला सांगत नाही. मुलांनी पेपर टाकावेतच. पण कार्टून म्हटले की आपल्याकडे जो तो अमेरिकेकडे मान वळवतो, ती मान मधूनमधून नाशिककडेही वळायला हरकत नसावी.

त्या वेळच्या काड्याही बहुतेक परदेशी. स्वीडनहून येत, जपानहून येत. युद्धामुळे जपानी पेट्यांचा सुकाळ झाला. स्वीडिश कंपनीने इथेच विम्को काढली ती १९२३ साली. तेव्हा फाळक्यांच्या स्वदेशी चित्रपटातली नटमंडळी विलायती असण्याचा बराच संभव आहे. दादासाहेब पक्के स्वदेशी, त्यांना हे खटकले असेल का कोण जाणे. पण हरिश्चंद्राची फिल्मही परदेशीच होती, कॅमेराही परदेशी. मौज तेवढी इथली.

आमच्या भागात काडी ही मौजेची वस्तू नाही, हेही सांगून टाकतो. इथे फेब्रुवारी संपला की वनखाते काडीच्या नावाने चळचळा कापते. मोहाची फुले वेचायची तर झाडाखालचा पाचोळा नको, म्हणून कोणीतरी तो पेटवतो, आणि दुपारच्या वाऱ्यावर आग डोंगर चढते. आमच्या शेजारी एक निवृत्त रेंजरसाहेब राहतात. त्यांनी उभा जन्म वणवे विझवण्यात घालवला. त्यांच्या देखत विडी पेटवली, तरी काडी विझून पायाखाली जाईपर्यंत ते पेटवणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघतात. एकदा काटेसावरीखाली उभे असताना त्यांनी सांगितले, की आगकाडीला या झाडाचे लाकूड चांगले. हलके, सरळ चिरते. म्हणजे जंगल जाळणारी काडी जंगलातूनच जाते आणि पेटीत बसून परत येते. मी त्यांना म्हटले, "साहेब, फाळक्यांनी याच काड्यांचा सिनेमा काढला." ते म्हणाले, "शेवटी पेटल्या का?"

याचे उत्तर पुस्तकात नव्हते. म्हणून मे महिन्यात नातू आला तेव्हा मी विषय काढला. नातू पुण्याला अ‍ॅनिमेशन शिकतो. त्याच्या लॅपटॉपवर डायनासोर धावतो आणि त्याच्या पाठीवरचे खवलेसुद्धा वेगवेगळे हलतात. मी आगकाड्यांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आजोबा, ते स्टॉप मोशन. फार बेसिक असतं."

"मग करून दाखव."

"त्यात काय दाखवायचं?"

"काडी चालव. दारापर्यंत."

स्वयंपाकघरातले टेबल रिकामे केले. सौभाग्यवतींकडून देवघरातली काडेपेटी परत करण्याच्या अटीवर मिळवली. चार काड्या अर्ध्यात मोडून, पण तुटू न देता, त्यांचे गुडघे केले. मोबाईल एका डब्याला टेकवून बांधला. नातवाने सेकंदाला बारा चित्रे पुरतात असे जाहीर केले. फाळक्यांच्या मानाने ही पंचवीस टक्के सूट होती. सुरुवात झाली. आठव्या चित्राला काड्या उडाल्या. पंखा! मूलला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला जाऊन भिडतो. इथे पंखा बंद करणे म्हणजे उपोषणाला बसण्यासारखेच. पण काडी आणि पंखा एका खोलीत नांदत नाहीत. पंखा बंद केला. घाम टेबलावर पडू नये म्हणून नातवाने डोक्याला टॉवेल बांधला. चाळिसाव्या चित्राला बाहेर ढग आला आणि उजेड बदलला, म्हणजे पडद्यावर काडी चालता चालता एकदम संध्याकाळ झाली. पुन्हा पहिल्यापासून. साठाव्याला सौभाग्यवतींनी "चहा ठेवू का?" असे म्हणत टेबलाला हात टेकला. पुन्हा पहिल्यापासून. शंभराव्याच्या सुमारास वीज गेली, पण पंखा बंदच असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नाही.

चार तासांनी १३२ चित्रे झाली. अकरा सेकंद.

लावून पाहिले. एक काडी पेटीतून बाहेर येते. इकडे बघते. काडीला डोके असते हे आपण रोज पाहतो, पण ते डोके वळते हे मी तेव्हा प्रथम पाहिले. मग ती दुसरीला हाक मारल्यासारखी थांबते, आणि दोघी चालू लागतात. चाल सरळ नाही. थोडी अडखळती, नाचणी घातल्यानंतर पहिल्यांदा शेतातून निघालेल्या माणसासारखी. नातवाचा डायनासोर इतका धावला, पण तो कुठे चालला आहे असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. इथे मात्र मी खरोखर दाराकडे बघितले.

नातू बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कॉम्प्युटरवर चूक झाली की अनडू करता येतं. इथे शंभरावं चित्र चुकलं की नव्याण्णव गेली."

"आणि त्यांना चूक दिसायचीसुद्धा नाही," मी म्हटलं. "फिल्म धुतल्याशिवाय काय आलंय ते कळत नसे."

"मग धुवून पाहिल्यावर बिघडलेलं निघालं तर?"

तर काय! पुन्हा पहिल्यापासून. एवढे करून प्रेक्षक त्याला चित्रपट म्हणणार नाहीत, मुख्य खेळाच्या आधीची गंमत म्हणतील. दोन मिनिटे हसतील आणि विसरतील. विसरलेच. दादासाहेबांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात आपल्या धंद्याची हकिकत लिहिली, पुढे त्यांच्यावर पुस्तके झाली. त्यांतून देव, राक्षस आणि राजे यांना ऐसपैस जागा मिळाली. काड्यांना बहुधा एक ओळ मिळते. तीही यादीत, ‘लक्ष्मीचा गालिचा’च्या शेजारी. त्या फिल्ममध्ये नाणी हलत म्हणतात. ज्या माणसाच्या हातात नाणी टिकत नव्हती त्याने ती निदान पडद्यावर स्वतःच्या मर्जीने हलवली, याचे मला बरे वाटते.

याच यादीत थोडे पुढे गेलो की आमचा आणखी एक गाववाला भेटतो. १९३४ साली प्रभात कंपनीने पुण्याला रघुनाथ केळकरांकडून एक व्यंगपट करवून घेतला. नाव ‘जंबुकाका’. तोही काळापांढरा, तोही विस्मृतीत. प्रभात तेव्हा कोल्हापूर सोडून नुकतीच पुण्याला आलेली, ‘अमृतमंथन’ त्याच वर्षीचा. त्या मंथनात राजगुरूचा डोळा लोकांच्या लक्षात राहिला आणि काका राहून गेले. इंग्रजीतून लिहिणाऱ्यांनी काकांना ‘फॉक्स’ करून टाकले आहे. हे ऐकताच रेंजरसाहेब चिडले. फॉक्स म्हणजे खोकड, जंबुक म्हणजे कोल्हा. दोघांत फरक आहे, आवाजात तर फारच आहे. आमच्याकडे धानाच्या बांधावर रोज रात्री काका स्वतः येऊन हे सिद्ध करतात. सरकारला कार्टूनचे खाते उघडायचे सुचले ते १९५६ साली, फिल्म्स डिव्हिजनमध्ये. त्यासाठी डिस्नेंच्या कारखान्यात काम केलेले क्लेअर वीक्स अमेरिकेहून आले आणि त्यांनी इथल्या तरुणांना शिकवले. वीक्स जन्माने इकडचेच, मिशनऱ्यांचे चिरंजीव. एकूण आपल्याला आपली गोष्ट बाहेरून कोणी आणून दिली की पटते.

राहता राहिला प्रश्न, की या फिल्मा गेल्या कुठे? जुन्या फिल्मचा पदार्थ नायट्रेटचा. तो स्वभावाने आगकाडीसारखाच. पेटला की पाण्याखालीही जळतो. शिवाय फिल्ममध्ये थोडी चांदी असते, म्हणून चालून जुनी झालेली कितीतरी रिळे चांदीसाठी उकळली गेली. आपल्याकडे हजारावर मूकपट निघाले, त्यांतले आज पाहायला मिळतात ते अगदी थोडे. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले, पी. के. नायर यांच्यासारखा माणूस घरोघर, तळघरांतून डबे शोधत हिंडला, म्हणून ‘कालिया मर्दन’ वाचला. त्यातला बाळकृष्ण, म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, आजही कालियाच्या फण्यावर नाचताना दिसते. पण २००३ च्या जानेवारीत पुण्याला नायट्रेटच्या कोठीलाच आग लागली आणि शेकडो जुन्या चित्रपटांची रिळे गेली. काड्यांचा चित्रपट काडीसारख्या जळणाऱ्या पट्टीवर घ्यायचा, यातला धोका दादासाहेबांना दिसला नसेल असे नाही. दुसरी पट्टीच नव्हती.

रेंजरसाहेबांना आमची अकरा सेकंदांची फिल्म दाखवली. त्यांनी ती तीन वेळा लावायला सांगितली. पहिल्यांदा ते नेहमीसारखे काडीच्या डोक्याकडे बघत होते, तिसऱ्यांदा हसले. म्हणाले, "नाही पेटल्या. बरं केलं."

नातू परत गेला. काडेपेटी ठरल्याप्रमाणे देवघरात पोचती झाली होती. काल संध्याकाळी दिवा लावायला सौभाग्यवतींनी पेटी उघडली, पहिली काडी काढली, तर ती नेमकी गुडघ्यात मोडलेली निघाली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, "हा चालणारा दिसतो" असे म्हणून पेटीत परत ठेवली, आणि दुसरी काढली.